फ्रेंच क्रियारूपे : अक्षरविभागणी व उच्चार

फ्रेंच भाषेत क्रियापदाचे लिहिलेले रूप आणि बोललेले रूप यांत जेवढे अंतर आहे, तेवढे लॅटिनपासून निघालेल्या इतर कोणत्याही प्रमुख भाषेत आढळत नाही. ‘शाँते’ (गाणे) या नियमित क्रियापदाची वर्तमानकाळी सहा रूपे होतात. लेखनात त्यांपैकी पाच परस्परांहून वेगळी दिसतात. कानाला मात्र तीनच ऐकू येतात. तिन्ही एकवचनी रूपे आणि तृतीयपुरुषी अनेकवचनी रूप यांचा उच्चार ‘शाँत्’ असा एकच असून ‘शाँ-तोँ’ (आम्ही गातो) व ‘शाँ-ते’ (तुम्ही गाता) एवढी दोनच रूपे निराळी राहतात. हे अंतर वैयाकरणांच्या लहरीतून पडलेले नाही. शब्दातील अक्षर कोठे संपते, आघात कोणत्या अक्षरावर पडतो आणि शब्दान्तीच्या अक्षराचे पुढे काय होते, या तीन गोष्टींनी फ्रेंच क्रियापदाचा सुमारे दीड हजार वर्षांचा इतिहास घडविला आहे. वैयाकरणांनी व मुद्रकांनी एवढेच केले, की जे ध्वनी बोलण्यातून गेले त्यांच्या खुणा कागदावर जपून ठेवल्या.

प्रस्तुत नोंदीत ‘अक्षर’ हा शब्द एका स्वराभोवती बांधलेला उच्चाराचा घटक या अर्थी आणि ‘वर्ण’ हा शब्द रोमन लिपीतील चिन्ह या अर्थी वापरला आहे. वर्णांचा निर्देश मराठी वाचकांना परिचित असलेल्या इंग्रजी नावांनी केला आहे. चंद्रबिंदू अनुनासिक स्वर दर्शवितो. पाय मोडलेले व्यंजन स्वररहित समजावे. पाय न मोडलेल्या व्यंजनात मराठी ‘अ’ सारखा क्षीण स्वर आहे असे समजावे. त्यामुळे ‘शाँत्’ एकाक्षरी, तर ‘शाँ-त’ द्व्यक्षरी होय.

लॅटिन वारसा : इ. स. पू. पहिल्या शतकात सीझरने गॉल जिंकल्यानंतर त्या प्रदेशात लॅटिन रुजली. तीत ‘गाणे’ या अर्थाच्या क्रियापदाची रूपे कान्तो, कान्तास, कान्तात, कान्तामुस, कान्तातिस, कान्तान्त अशी होत. प्रत्येक रूपाचा शेवट वेगळा असल्याने कर्ता सांगण्याची गरज नसे. मराठीत ‘गातोस’ म्हटल्यावर ‘तू’ वेगळे म्हणावे लागत नाही, तसेच हे होते. आघात मात्र एकाच अक्षरावर राहत नसे. एकवचनात आणि तृतीयपुरुषी अनेकवचनात तो धातूवर, तर ‘आम्ही’ व ‘तुम्ही’ यांच्या रूपांत प्रत्ययावर पडे. उत्तर गॉलमध्ये हा आघात विलक्षण जोरकस झाला आणि त्यापुढील अक्षरे झिजू लागली. शब्दान्तीचे बहुतेक स्वर लोप पावले. केवळ ‘आ’ हा क्षीण ‘अ’ च्या रूपाने टिकला. म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मी गातो’ याचे रूप ‘चान्त्’ असे व्यंजनान्त, तर ‘तो गातो’ याचे रूप ‘चान्-तत्’ व पुढे ‘चान्-त’ असे द्व्यक्षरी होते. प्रथमपुरुषी रूपाच्या शेवटी आज दिसणारा ‘ई’ हा वर्ण लॅटिनकडून आलेला नाही. इतर रूपांच्या सादृश्याने तो बाराव्या शतकापासून हळूहळू जोडला गेला आणि स्थिर होतो न होतो तोच त्याचा उच्चार गेला. ज्या खुणेला उच्चारात फारसे आयुष्यच लाभले नाही, ती लेखनात आजही आहे.

आघातयुक्त अक्षर स्वरान्त होते की व्यंजनान्त, यावर धातूचे भवितव्य अवलंबून राहिले. ‘येणे’ व ‘विकणे’ या अर्थांची लॅटिन तृतीयपुरुषी रूपे ‘वेनित’ व ‘वेन्दित’ अशी जवळजवळ सारखी होती. परंतु पहिल्याची विभागणी ‘वे-नित’ अशी, तर दुसऱ्याची ‘वेन्-दित’ अशी. स्वरान्त ‘वे’ मधील स्वर लांबला व फुटून संयुक्त झाला. व्यंजनान्त ‘वेन्’ मधील स्वराला तसे लांबण्यास वाव नव्हता. त्यामुळे आज एकाचे रूप ‘व्हिएँ’ आणि दुसऱ्याचे ‘व्हाँ’ असे झाले आहे. ‘आम्ही’च्या रूपात आघात पुढे सरकत असल्याने ‘येणे’चा धातू तेथे फुटला नाही, म्हणून ‘तो येतो’ याला ‘व्हिएँ’ आणि ‘आम्ही येतो’ याला ‘व्ह-नोँ’. ‘द्वा’ (त्याने करावयास हवे) व ‘द-व्होँ’ (आम्ही करावयास हवे) ही जोडीही अशाच विभागणीतून निघाली. शिकणाऱ्याला हे अनियमित क्रियापदांचे रान वाटते. वस्तुतः एका काळी अत्यंत नियमित असलेल्या ध्वनिव्यापाराचे ते अवशेष आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये असे द्विरूप धातू पुष्कळ होते. ‘प्रेम करणे’ या क्रियापदाचे धातुरूपही एकवचनात एक व ‘आम्ही’च्या रूपात दुसरे असे. पुढे सादृश्याने बहुतेकांची एकरूपता साधली गेली. रोजच्या वापरातील काही थोडी क्रियापदे तेवढी या समीकरणातून सुटली. अतिवापराने जे पाठ झालेले असते ते बदलत नाही, याचा हा चांगला नमुना आहे.

भविष्यकाळाची घडण याहून निराळी. लॅटिनमधील मूळ भविष्यरूपे टाकून देऊन लोक ‘गाण्यास मला आहे’ अशा अर्थाची जोडरचना करू लागले आणि त्या दोन शब्दांचा पुढे एक शब्द झाला. फ्रेंचचा सर्वांत जुना अवशेष मानल्या गेलेल्या स्ट्रॅस्बर्गच्या शपथांत (८४२) अशी सांधलेली भविष्यरूपे आढळतात. जोड झाल्यावर आघात शेवटी गेला आणि मधले अक्षर झिजले. ‘येणे’च्या भविष्यरूपात त्यामुळे ‘न्’ व ‘र्’ एकमेकांस भिडले व उच्चाराच्या सोयीसाठी मध्ये ‘द्’ आला. आजच्या ‘व्हिएँ-द्रे’ (मी येईन) मधला हा ‘द्’ लॅटिन धातूत कोठेही सापडत नाही.

अंत्य ध्वनींचा लोप : बाराव्या–तेराव्या शतकांपासून शब्दान्तीची व्यंजने दुबळी होऊ लागली. सोळाव्या शतकात त्यांचा उच्चार तीन प्रकारे होई : पुढे व्यंजन आल्यास ती गळत, पुढे स्वर आल्यास त्याला जाऊन मिळत आणि वाक्य तेथेच थांबल्यास स्पष्ट उच्चारली जात. यांपैकी तिसरा प्रकार पुढे मागे पडला. त्यानंतर, मुख्यतः सोळाव्या व सतराव्या शतकांत, पॅरिसच्या बोलीतून अंत्य क्षीण ‘अ’ ही गेला. पूर्वीचे द्व्यक्षरी ‘शाँ-त’ हे ‘शाँत्’ असे एकाक्षरी व व्यंजनान्त झाले. मराठी वाचकाला ही घटना अपरिचित वाटू नये. ‘करतो’ हा शब्द आपण तीन अक्षरांत लिहितो व ‘कर्-तो’ असा दोन अक्षरांत उच्चारतो. मध्य भारतीय आर्य भाषांतील अंत्य स्वर मराठीत कसे झिजले, याची पद्धतशीर मांडणीही एका फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानेच केली, हा योगायोग लक्षणीय आहे. ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला.

क्रियापदाच्या साध्या रूपातील अंत्य ‘र्’ चा इतिहास यात विशेष मनोरंजक आहे. तो ‘शाँते’ सारख्या क्रियापदांतून गेला, तसाच ‘फिनीर्’ (संपविणे) सारख्यांतूनही गेला होता. पुढे दुसऱ्या गटात शिक्षक व वैयाकरण यांच्या प्रभावाने त्याची पुनःस्थापना झाली. पहिल्या, संख्येने कितीतरी मोठ्या गटात मात्र झाली नाही. परिणामी ‘गाणे’, ‘गायिलेले’ आणि ‘तुम्ही गाता’ या तीन अर्थांच्या, तीन प्रकारे लिहिल्या जाणाऱ्या रूपांचा उच्चार एकच, ‘शाँ-ते’, असा झाला. फ्रेंच शाळांत गेली दोन शतके ज्या चुका लाल शाईने खोडल्या जातात, त्यांपैकी बऱ्याच चुकांचे मूळ येथे आहे.

प्रत्यय मुके झाल्यावर पुरुष व वचन सांगण्याचे काम क्रियापदाच्या पुढे येणाऱ्या सर्वनामांकडे गेले. जुन्या फ्रेंचमध्ये ऐच्छिक असलेले कर्तृवाचक सर्वनाम सतराव्या शतकापर्यंत अनिवार्य झाले. प्रत्यय गेले म्हणून सर्वनामे आली, असे सरळ समीकरण पूर्वी मांडले जाई. ते तितकेसे खरे नाही. प्रत्यय स्पष्ट ऐकू येत असतानाही सर्वनामांचा वापर वाढू लागला होता आणि त्यामागे वाक्यातील पदक्रमाची कारणे होती. दोन्ही प्रवाह एकमेकांस पूरक ठरले, एवढे म्हणणे सयुक्तिक होय.

शब्दांच्या सीमेवरील अक्षरे : फ्रेंच अक्षर शक्यतो स्वरान्त असते आणि दोन स्वरांमधील व्यंजन पुढील स्वराकडे जाते. हा नियम शब्दाच्या सीमेवर थांबत नाही. ‘इल्’ (तो) व ‘एम्’ (प्रेम करतो) यांचा एकत्र उच्चार ‘इ-लेम्’ असा होतो. अनेकवचनी ‘ते’ या सर्वनामाचा उच्चारही एरवी ‘इल्’ असाच. पण पुढे स्वर येताच त्याच्या अंती लिहिलेला ‘एस्’ जागा होतो व ‘इल्-झेम्’ असे ऐकू येते (यातील ‘झ’ मराठी ‘झाड’मधील). म्हणजे लॅटिनमध्ये क्रियापदाच्या शेवटी असलेली अनेकवचनाची खूण येथे क्रियापदाच्या पहिल्या अक्षराच्या आरंभी येऊन बसली आहे. ‘शाँत्’ सारख्या व्यंजनारंभी क्रियापदाला मात्र ही सोय नाही. तेथे ‘तो गातो’ व ‘ते गातात’ हे ऐकून सांगता येत नाही. एका व्यंजनावर केवढा अर्थ अवलंबून राहतो, हे ‘इल्-झोँ’ (त्यांच्याजवळ आहे) व ‘इल्-सोँ’ (ते आहेत) या जोडीवरून दिसते. औपचारिक भाषणात व काव्यवाचनात क्रियापदाच्या अंतीचा मुका ‘टी’ देखील पुढील स्वराशी जोडला जातो, तेव्हा एकवचन व अनेकवचन पुन्हा वेगळे ऐकू येतात. नित्याच्या संभाषणात असे सहसा कोणी बोलत नाही.

प्रश्नार्थक रचनेत सर्वनाम क्रियापदानंतर येते. त्या वेळी स्वरान्त रूपानंतर ‘त्’ घातला जातो : ‘एम्-तिल्’ (तो प्रेम करतो काय?). ज्या क्रियापदांच्या तृतीयपुरुषी रूपात मूळचा ‘टी’ होता, त्यांच्या सादृश्याने तो आला. तेओदोर द बेझ याने फ्रेंच उच्चारांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात (१५८४), हा ‘त्’ लिहिला जात नसला तरी उच्चारला जातो, अशी नोंद केली आहे. दोन आडव्या रेघांमध्ये तो लिहिण्याची पद्धत नंतर रूढ झाली. लॅटिन ‘कान्तात’ मधील लुप्त झालेला ‘त’ च येथे जपला गेला, हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी ग्राह्य नाही. मधल्या काळात तो उच्चारातून पुरता गेला होता. या ‘त्’ पासून लोकभाषेत ‘ती’ असा प्रश्नवाचक निपात तयार झाला आणि क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये तो ‘त्यु’ या रूपाने आजही प्रचलित आहे.

लेखन व उच्चार यांचा वाद : लेखन उच्चाराप्रमाणे असावे, ही मागणी जुनीच आहे. ल्वी मेग्रे याने आपले फ्रेंच व्याकरण (१५५०) स्वतःच सुधारलेल्या लेखनपद्धतीत छापविले. ते मान्य झाले नाही. १६३५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीपुढे शब्दकोशाच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मेझरे या सदस्याने १६७३ च्या टिपणात, विद्वानांना अज्ञ जनांपासून व स्त्रियांपासून वेगळे ओळखू देणारे जुनेच लेखन ठेवावे, अशी भूमिका मांडली. लेखनाचा सामाजिक उपयोग इतक्या उघडपणे क्वचितच कोणी सांगितला असेल. १६९४ च्या पहिल्या आवृत्तीत जुन्या वळणाचे लेखन राहिले. १७४० च्या तिसऱ्या आवृत्तीत कित्येक मुके ‘एस्’ काढून त्यांच्या जागी स्वरावर टोपीसारखे चिन्ह देण्यात आले.

त्याआधी वोझला याने १६४७ च्या आपल्या ग्रंथात ‘मी जातो’ या रूपाची चर्चा केली आहे. सारा दरबार ‘व्हा’ म्हणतो आणि शिकलेले लोक ‘व्हे’ म्हणतात, असे त्याचे निरीक्षण. वोझला एरवी दरबाराचाच प्रयोग प्रमाण मानी. या रूपाच्या बाबतीत मात्र पुढे शिकलेल्यांचेच टिकले.

भूतकाळातील अपूर्ण क्रिया दर्शविणाऱ्या रूपांचे लेखन याहून दीर्घ काळ मागे राहिले. त्यांचा प्रत्यय ‘ओ’ व ‘आय्’ या वर्णांनी लिहिला जाई. त्याचा उच्चार एके काळी ‘वे’ असा होता व सोळाव्या शतकापासून तो ‘ए’ कडे झुकला. आंरी एस्त्येन याने १५७८ मध्ये याचे खापर इटालियन वळणाच्या दरबाऱ्यांवर फोडले. प्रत्यक्षात हा बदल पॅरिसच्या सामान्य लोकांतही होत होता. रासीनच्या नाटकांतील पात्रे ‘ए’ असा उच्चार करीत, परंतु छापलेल्या पानावर जुनेच लेखन असे. ‘ए’, ‘आय्’ असे वर्ण लिहावे, ही सूचना सतराव्या शतकातच पुढे आली होती व व्हॉल्तेअरने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. अकादमीने ती मान्य केली ती १८३५ च्या सहाव्या आवृत्तीत.

छंदःशास्त्राने झिजलेल्या अक्षरांना वेगळाच आश्रय दिला. बारा अक्षरी अलेक्झांड्राइन वृत्तात चरणाच्या मध्ये व व्यंजनापूर्वी आलेला क्षीण ‘अ’ पूर्ण अक्षर म्हणून मोजला जातो. चरणान्ती किंवा स्वरापूर्वी मोजला जात नाही. म्हणून ‘शाँत्’ हे बोलण्यातील एकाक्षरी रूप रंगमंचावर द्व्यक्षरी होऊ शकते. अभंगातही ‘करतो’ तीन अक्षरीच धरला जातो. याउलट, वर सांगितलेल्या अपूर्ण भूतकाळाच्या तृतीयपुरुषी अनेकवचनी रूपांतील अंत्य ‘ई-एन्-टी’ हे वर्ण वृत्तात अक्षर म्हणून धरले जात नाहीत. व्यंजनद्वयानंतर ‘य’ आल्यास त्याचे ‘इ-य’ असे दोन अक्षरांत विभाजन करण्याची रीत सतराव्या शतकात स्थिरावली. कॉर्नेय याच्या ‘ल सीद’ (१६३७) या नाटकात ‘खुनी’ या अर्थाचा शब्द तीन अक्षरी मोजला आहे आणि त्यावर त्या काळी आक्षेप घेतला गेला होता. आज ‘आम्ही प्रवेश करीत होतो’ हे क्रियारूप उच्चारताना कोणीही याच रीतीने तीन अक्षरे उच्चारतो.

क्षीण ‘अ’ केव्हा गळतो याचा नियम मोरिस ग्रामों याने १८९४ मध्ये मांडला. तो ‘तीन व्यंजनांचा नियम’ म्हणून ओळखला जातो : गळल्याने तीन व्यंजने लागोपाठ येणार असतील, तर तो टिकतो. ‘मी गाईन’ हे ‘शाँ-त्रे’ असे दोन अक्षरांत आटोपते. ‘तो बोलेल’ मात्र ‘पार्-ल-रा’ असे तीन अक्षरीच राहते. त्याचप्रमाणे ‘आम्ही गाऊ’ हे ‘शाँ-त्रोँ’, पण ‘आम्ही गायिलो असतो’ हे ‘शाँ-त-र्योँ’. एका ‘य’ मुळे झाकलेले अक्षर पुन्हा उघडे पडते. या नियमाला अपवाद बरेच दाखविले गेले आहेत. तरीही क्रियारूपांपुरता तो शिकणाऱ्यास उपयोगी पडतो.

हा क्षीण स्वर शब्दाच्या आघातयुक्त अंत्य अक्षरात राहू शकत नाही. तेथे त्याचा विवृत ‘ए’ होतो. ‘बोलावणे’ या क्रियापदाचे ‘आ-प्लोँ’ (आम्ही बोलावतो) व ‘आ-पेल्’ (तो बोलावतो) हे भेद त्यातून आले. दुसऱ्या रूपात ‘एल्’ हा वर्ण दोनदा लिहितात. इतर काही क्रियापदांत त्याऐवजी ‘ई’ वर उतरती रेघ देतात. लेखनातील हे दोन उपाय, पण ध्वनिव्यापार एकच. ‘से-दे’ (नमते घेणे) यासारख्या क्रियापदांत स्वरान्त अक्षरात संवृत ‘ए’ येतो व तो चढत्या रेघेने दर्शवितात. अक्षर व्यंजनान्त झाले, की तो विवृत होतो व रेघ उतरती होते. भविष्यरूपात मात्र चढती रेघच राहिली होती, कारण ते लेखन ठरले तेव्हा विभागणी ‘से-द-रा’ अशी त्र्यक्षरी मानली जाई. मधला ‘अ’ गेल्यावर पहिले अक्षर बंद होऊन उच्चार ‘सेद्-रा’ असा विवृत झाला. ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रान्सच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या लेखनसुधारणांत येथे उतरती रेघ सुचविण्यात आली. जुने लेखनही ग्राह्य राहिले. शाळांच्या पाठ्यपुस्तकांत नवे लेखन व्यापक प्रमाणावर दिसू लागले ते २०१६ मध्ये, आणि तेव्हा फ्रान्समध्ये मोठा गदारोळ उडाला. बोलीत फार पूर्वी घडून गेलेल्या अक्षरविभागणीच्या एका बदलाची ती उशिरा घेतलेली दखल होती.

शाळेतील स्थान : एकोणिसाव्या शतकात, विशेषतः नोएल व शाप्साल यांच्या व्याकरणाच्या (१८२३) प्रसारानंतर, शालेय व्याकरण हे मुख्यतः शुद्धलेखन शिकविण्याचे साधन बनले. १८८१–८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले आणि श्रुतलेखनाची परीक्षा शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांपर्यंत पोहोचली. जे कानाला ऐकू येत नाही ते लिहिण्यासाठी मुलाला आधी वाक्याचे पृथक्करण करावे लागते : कर्ता कोणता, वचन कोणते, रूप क्रियापदाचे की धातुसाधिताचे. याने विचारशक्तीला शिस्त लागते, असे समर्थन केले जाते व त्यात तथ्य आहे. परंतु ज्या घरात पुस्तके नाहीत त्या घरच्या मुलाला यासाठी अधिक किंमत मोजावी लागते, हेही तितकेच खरे. शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने परीक्षांत काही सवलती दिल्या. संकेतार्थाच्या भूतकाळी रूपांऐवजी वर्तमानकाळी रूपे चालतील, ही त्यांपैकी एक होती. बोलण्यातून ती रूपे त्याआधीच जवळजवळ नाहीशी झाली होती.

प्रादेशिक भेद : वरील वर्णन पॅरिसच्या व उत्तरेच्या उच्चारास अनुसरून आहे. दक्षिणेत, जेथे पूर्वी ऑक्सितान भाषा बोलली जात असे, तेथे अंत्य क्षीण स्वर आजही ऐकू येतो. मार्सेय किंवा तुलूझ येथील वक्ता ‘शाँ-त’ असे द्व्यक्षरी रूपच उच्चारतो. पश्चिम फ्रान्सच्या ग्रामीण बोलींत ‘मी’ या सर्वनामाबरोबर ‘ओँ’ हा प्रत्यय लावण्याची रीत होती. मोल्येरच्या ‘दों झुआँ’ (१६६५) मधील शेतकरी असेच बोलतात. तेथून स्थलांतर केलेल्या लोकांची अकेडियन बोली कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर बोलली जाते. तीत तृतीयपुरुषी अनेकवचनाचा प्रत्ययही ‘ओँ’ असा स्पष्ट उच्चारला जात असल्याने ‘तो बोलतो’ व ‘ते बोलतात’ हे भेद कानाला कळतात. फ्रान्समधील बोलभाषेचा ओढा याच्या उलट आहे. तेथे ‘आम्ही’ या अर्थी ‘ओँ’ हे मूळचे अनिश्चित सर्वनाम सर्रास वापरले जाते व त्यापुढे तृतीयपुरुषी एकवचनी रूप येते. त्यामुळे ‘शाँ-तोँ’ हे रूप बोलण्यात दुर्मिळ होत चालले असून वर्तमानकाळात ‘शाँत्’ पेक्षा वेगळे असे ‘शाँ-ते’ हे एकच रूप नित्याच्या वापरात उरले आहे.